गुंतवळीवर आलेला गंज

सरकारी योजनेत माझं सगळं बसलं. ऑपरेशन बसलं, किमो बसले, नंतरचे रेडिएशनचे शेक बसले, दवाखान्यातलं दोन वेळचं जेवणसुद्धा बसलं. केस तेवढे बसले नाहीत. ते ज्याचे त्याने उगवायचे असतात.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते आणि घरी ब्लाउज शिवते. थोडी शेती आहे, कपाशी आणि तुरीची. छातीतली गाठ निघाली त्याला दोन वर्षं होत आली. गाठीबद्दल डॉक्टर नीट सांगतात, ते मी सांगायला नको. पण औषधं थांबल्यावर डोक्यावर जे काही उगवतं त्याचं काय करायचं, आणि तेही हातात पैसा नसताना, हे मला कोणी सांगितलं नाही. विचारलं तर लोक म्हणायचे, जीव वाचला, केसांचं काय घेऊन बसलीस. हे म्हणणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर वेणी असायची.

त्या दिवशीची संत्री

तपासणीचा निकाल घ्यायला आम्ही दोघं यवतमाळला गेलो होतो. डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि साक्षीच्या बाबांना आत बोलावलं. साक्षी आमची मुलगी, तेव्हा नववीत होती. गाठ माझी आणि निकाल त्यांना, याचा मला तिथेच राग आला. ते बाहेर आले आणि 'चाल' एवढंच म्हणाले. बसस्टँडवर त्यांनी संत्री घेतली, आणि बस लागेपर्यंत एकेक सोलून, फोडींवरचे पांढरे धागे काढून माझ्या हातावर ठेवत राहिले. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्या माणसाने मला आजवर शेंगदाणासुद्धा सोलून दिला नव्हता.

"लय वाईट हाये का?" मी विचारलं.

"खा तू," ते म्हणाले.

मला निकाल असा कळला. नवरा एकाएकी फार चांगला वागायला लागला तर घाबरून जाऊ नका, असं लिहिणार होते. पण मी स्वतः घाबरले होते, म्हणून तो उपदेश राहू दे.

घरी आलो तेव्हा सासूबाई ओसरीत तुरी पाखडत होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. मुलाने सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, पण सूप खाली ठेवलं नाही.

"कापून निघते का?"

"निघते म्हन्ते डाक्टर."

"मंग निघू दे," त्या म्हणाल्या आणि पाखडत राहिल्या.

या बाईला काळीज आहे की नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. आत्याबाईंबद्दल मला हे आधीही बरेचदा वाटलेलं होतं, त्यामुळे नवीन काही नाही.

नागपूर

किमो म्हणजे काय असतं असं विचाराल, तर बहुतेक सगळा वेळ वाट पाहणं असतं. नंबरची वाट पाहायची, रक्ताच्या रिपोर्टची पाहायची, मग बाटली संपायची पाहायची. एक लांब खोली, भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येकीच्या हाताला नळी. एक सिस्टर शीर शोधायच्या आधी हाताला गरम पाण्याची पिशवी लावायची. तिची पाळी असली की मला बरं वाटायचं. दुसरी तसं करत नसे आणि वर आम्हालाच म्हणायची की तुमच्या शिरा लपतात.

माझ्या शेजारच्या खुर्चीत उमरखेडच्या पुष्पाताई असायच्या. त्यांच्या पिशवीत आवळासुपारी असे. उलटी येईल असं वाटलं की त्या न बोलता एक फोड माझ्या हातावर ठेवायच्या. त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं, "केस आधीच कापून घे बाई. लांबसडक गळायला लागले म्हणजे लई वंगाळ दिसतं."

मी कापले नाहीत. माझी वेणी कमरेखाली जायची. मला पाहायला आले होते तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी सावळी हाये, पन केस चांगले हाये." आजवर त्यांनी माझं केलेलं कौतुक एवढंच. ते आपल्या हाताने कापून टाकायचं माझ्या जिवावर आलं.

भीतीचंही सांगते. बाटली लागलेली असताना मला भीती वाटत नसे, तेव्हा काहीतरी चाललेलं असायचं. भीती परतीच्या बसमध्ये वाटायची. खिडकीबाहेर कपाशीची पऱ्हाटी आणि तुरी मागे जात असायच्या, आणि माझ्या मनात यायचं की साक्षीला अजून चहासुद्धा नीट येत नाही.

गंज कुठून आला

दुसऱ्या बाटलीच्या आधीच केस सुटले. सकाळी उठले तर उशीवर, नाहणीत पाण्याच्या वाटेवर, मशीनवर, ब्लाउजच्या टाक्यात. मी पुढे चालायची आणि आत्याबाई माझ्यामागे वाकून वाकून उचलत यायच्या. मला वाटलं, घर स्वच्छ ठेवतात.

आमच्याकडे विंचरून निघालेले केस बाया फेकत नाहीत. त्या गुंतवळीची बोटाभोवती गुंडाळी करायची आणि छपराच्या टिनाखाली, भिंतीच्या सांदीत खोचून ठेवायची. पाच-सहा महिन्यांनी केसवाली येते, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन. 'केसाऽवर भांडेऽ' असं ओरडत गल्लीतून फिरते. तिला केस द्यायचे आणि चमचा, वाटी, जे काही बसेल ते घ्यायचं. माझ्या माहेरी हेच, सासरीही हेच. मीही वर्षानुवर्षं खोचत आलेली.

एकदा नागपूरहून परत आले तर चुलीजवळ नवा कोरा गंज. आम्ही गंज म्हणतो, तुम्ही पातेलं म्हणाल. चांगला मोठा, जड बुडाचा, स्टीलचा. त्याच्यावर झाकण नव्हतं.

"हा कवा आनला?" मी विचारलं.

साक्षी खाली पाहायला लागली. "आजीनं केसावर घेतला," ती म्हणाली.

कुणाच्या केसांवर, हे विचारायची गरज नव्हती. आत्याबाईंच्या डोक्यावर सुपारीएवढा अंबाडा आहे. त्यावर चहाची गाळणीही मिळाली नसती.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मंग काय फेकून देऊ? लांब व्हते, चांगला गंज आला. झाकनाले जरासे कमी पडले."

"माय, तू चूप बस," साक्षीचे बाबा म्हणाले.

"मी का चोरी केली? रस्त्यावर फेकले असते तं कोनी करनी केली असती."

भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. पण त्या गंजातलं काही खाणार नाही असं मनाशी ठरवलं, आणि खरंच खाल्लं नाही. आत्याबाई भाजी गंजात करायच्या, माझ्यापुरती साक्षी जुन्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भांड्यात वेगळी करायची. एका चुलीवर दोन भाज्या, आणि मधे साक्षीचे बाबा. ते बिचारे दोन्ही भाज्या थोड्या थोड्या वाढून घ्यायचे आणि कुठल्याच भाजीला चांगली म्हणायचे नाहीत. आजाराने घर एकत्र येतं असं म्हणतात. आमचं आलं होतं, पण एकमेकांचं तोंड न पाहता.

माझ्या डोक्यावर गावाचे ब्लाउज

दवाखान्याजवळच्या दुकानात केसांचे टोप काचेत लावलेले होते. एकदा किंमत विचारली आणि दुकानदाराला 'नंतर येते' म्हणाले. ते नंतर अजून आलेलं नाही.

मी शिवणारी बाई. उरलेल्या कापडाच्या टोप्या शिवल्या, आतून मऊ सुती अस्तर, मागे इलॅस्टिक. हे काम तुम्हीही कोणाकडून करून घेऊ शकता, अस्तर मात्र सुतीच घ्या, टक्कल फार नाजूक असतं. एक अडचण मी लक्षात घेतली नव्हती. चिंध्या गावातल्याच बायकांच्या ब्लाउजच्या होत्या. माप द्यायला आलेली बाई माझ्या डोक्याकडे पाहायची आणि म्हणायची, "हे तं माया भाचीच्या लग्नातलं कापड होय ना वो?" मग मी होय म्हणायची. एकीने तर उरलेलं कापड परत का दिलं नाही म्हणून हळूच टोमणा मारला. कॅन्सरवाल्या बाईला टोमणा मारायची हिंमत करणारी ती पहिलीच. मला उलट बरं वाटलं.

वेचणीचे दिवस आले तेव्हा सुटका झाली. कापूस वेचायला जाणाऱ्या सगळ्याच बाया डोक्याला फडकं बांधतात. मी डबा घेऊन वावरात जायची आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसायची. लांबून पाहणाऱ्याला आम्ही सगळ्या सारख्या दिसत असू.

डोक्यावरचं कुटार

शेक संपल्यानंतर केस आले. आधी लव आली, मग काळं-पांढरं काहीतरी. साक्षी रोज हात फिरवून पाहायची. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण ते बोटभर वाढले आणि कळलं की हे माझे केस नव्हेत. माझे सरळ होते, हे वेटोळे. माझे तेल न लावता चमकायचे, हे तेल पिऊन जायचे आणि परत कोरडे ते कोरडे. वाढून खाली पडायचं सोडून आडवे पसरायचे. टोपी घालावी एवढे कमी नाहीत आणि टोपीविना हिंडावं असे दिसतही नाहीत.

आत्याबाई एकदा उन्हात माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कुटार झालं वं डोक्याचं." सोयाबीन काढल्यावर जो भुसा उरतो त्याला आम्ही कुटार म्हणतो. आमचं बोलणं तेव्हा नुकतंच थोडंफार सुरू झालं होतं, ते त्यांनी अशा रीतीने पुढे नेलं.

मग गावाने उपाय सांगितले. फुकटचा सल्ला आणि पळसाची पानं, आमच्याकडे दोन्हीची कमी नाही. एकीने कांद्याचा रस सांगितला. मी लावला, आणि दोन दिवस डोकं भाजल्यासारखं लाल झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी बोलणी खाऊ घातली. तुम्ही कोणी असाल त्या अवस्थेत, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोक्याला काही चोळू नका. एवढा एक उपदेश करते आणि थांबते.

साक्षीने मोबाईलवर पाहून पाहून यादी केली. एका बाईने डोक्याला लावायला जे हिरवं फळ सांगितलं ते राळेगावच्या बाजारात आजवर कोणी पाहिलेलं नाही. दुसरीने अंडं आणि दही सांगितलं. औषधाने तोंडाची चव गेल्यापासून घरात दही माझ्यासाठीच लागायचं. ते खायचं की डोक्याला थापायचं? मोठ्या बाटलीतला शाम्पू म्हणे कोरड्या केसांसाठी वेगळा मिळतो. आम्ही पुडीवाले. एक पुडी कापायची, अर्धी वापरायची, उरलेल्या अर्धीचं तोंड पिन लावून बंद करायचं. आत्याबाईंचा उपाय सर्वांत स्वस्त होता. "म्हशीचे केस पाह्य कसे चमकते," त्या म्हणाल्या. "सरकीची ढेप खाते ते. तू बी खाय."

पुष्पाताईंचे केस माझ्याआधी आले. त्या मोबाईलवर फोटो पाठवायच्या. मऊ, काळे, अगदी नीट बसलेले. मी 'छान' असं लिहून पाठवायची आणि मोबाईल पालथा ठेवायची. मला हेवा वाटायचा. बाई मरणाच्या दारातून परत आली आणि मी तिच्या केसांवर जळत होते. आजार माणसाला मोठं करतो वगैरे मी ऐकलं आहे, माझ्या बाबतीत ते घडलं नाही.

शेवटी मीच फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "जवस उकळून लाव. दुसरं काई नाई करत मी."

जवस घरात होता, चटणीपुरता. मी जर्मनचं भांडं काढलं तर आत्याबाईंनी हात धरला. "खायाच्या भांड्यात डोक्याचं नको करू. डोक्याचं डोक्याच्याच भांड्यात," असं म्हणून त्यांनी तो गंज माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या हिशोबाने ते बरोबरच होतं. मी गंजाकडे पाहिलं, जवस टाकला, पाणी टाकलं आणि चूल पेटवली. दुसरं भांडं नव्हतं आणि मला केस मऊ हवे होते.

जवस उकळला की त्याला चिकट बुळबुळीत तार सुटते. ती गरम असतानाच अस्तराच्या तुकड्यातून गाळायची, थंड झाली की गाळली जात नाही. झाकण नसल्यामुळे फेस उतू जायचा, वरून टिनाची काजळी पडायची. ताट झाकलं तर ते घसरायचं. दर वेळी आत्याबाई म्हणायच्या, "जरासे कमी पडले, नाई तं झाकन आलं असतं." दर वेळी मला राग यायचा. पण भाजी मात्र आता सगळ्यांची एकाच भांड्यात व्हायला लागली होती, कारण गंज डोक्याचा झाला होता.

डाळीचं पाणी

जवसाने फरक पडला, पण डोकं धुतलं की परत कुटार. बऱ्याच दिवसांनी कारण लक्षात आलं. आमच्या घरी दोन पाणी असतात. बोअरचं पाणी वापरायला. ते इतकं जड की साबणाला फेस येत नाही, आणि त्यात तुरीची डाळ शिजवायला ठेवली तर दाणा दाणाच राहतो. म्हणून डाळीसाठी एका ओळखीच्याच्या वावरातल्या विहिरीवरून साक्षीचे बाबा मोटरसायकलवर कॅनने पाणी आणतात. ते डाळीचं पाणी. ज्या पाण्यात डाळ मऊ होत नाही त्यात केस काय मऊ होणार होते.

मी डाळीच्या कॅनला हात लावला तशा आत्याबाई चुलीपासून उठल्या. "डायीचं पानी डोक्शाले? साखर दे ना मंग पायाले चोळाले."

मी कॅन ठेवून दिला. आठवड्याने डोकं धुवायला नाहणीत गेले तर कॅन आत ठेवलेला. बाहेर येऊन पाहते तर आत्याबाई पाट्यावर ठेचा वाटत होत्या.

"आज डाय नाई," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "भाकर-ठेचा खाऊ."

डोकं धुवायच्या दिवशी आमच्याकडे डाळ नसते, ते तेव्हापासून. साक्षीच्या बाबांना ठेच्याने तोंड येतं. ते ताटाकडे पाहतात, माझ्या डोक्याकडे पाहतात आणि भाकर कुस्करतात. केस मात्र मऊ व्हायला लागले.

'पाहू'

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मला हे झाल्यापासून आमच्या घरात पुढच्या वर्षाबद्दल बोलणं बंद झालं होतं.

कोणी ठरवून केलं नसावं. पूर्वी साक्षीचे बाबा दर पावसाळ्यात म्हणायचे, पुढच्या वर्साले टिन काढून स्लॅब टाकू. स्लॅब कधी पडला नाही, पण ते म्हणायचे. आता मी टिनाचा विषय काढला की ते म्हणत, 'पाहू'. साक्षी दहावीनंतर कुठे शिकणार, हे बोलणं मी खोलीत आले की थांबायचं. एका बाईने मुलीच्या लग्नासाठी माझ्याकडे कापड ठेवलं होतं, लग्न पुढच्या उन्हाळ्यात होतं. 'तुले त्रास कायले' म्हणून ती कापड परत घेऊन गेली. डॉक्टरही 'तीन महिन्यांनी या' एवढंच म्हणायचे. ते तीन महिने झाले की परत तीन महिने. मीही तशीच झाले होते. पुढच्या पेरणीसाठी तुरीचं बियाणं धरून ठेवतानाही मी स्वतःबद्दल काही बोलत नसे.

लोक वाईट नव्हते. जिभेवर येणारा शब्द ते गिळायचे, आणि गिळलेला मला दिसायचा.

फणी

केस मानेपर्यंत आले तेव्हाची गोष्ट. सकाळी कंगवा फिरवला आणि कंगव्याला केस आले. एक-दोन नाही, चांगला पुंजका.

मला वाटलं, तेच परत आलं. आधीही केस असेच पुंजक्याने सुटले होते. औषधाने केस जातात, आजाराने नव्हे, हे मला शंभर वेळा सांगितलेलं होतं आणि समजलेलंही होतं. पण डोक्याला समजणं वेगळं आणि हातात पुंजका धरणं वेगळं. पुढची तपासणी जवळ आली होती. मी पुंजका चुलीत टाकला, कोणाला सांगितलं नाही, आणि कंगवा करणंच सोडून दिलं. केस विंचरले नाहीत तर निघणार नाहीत, असा माझा विचार. हसू नका, भीतीला एवढीच अक्कल असते.

न विंचरल्याने त्या कोरड्या केसांच्या जटा व्हायला लागल्या. मी परत टोपी घातली. आत्याबाईंनी दोन-तीन दिवस पाहिलं आणि मग ओसरीत बसून मला हाक मारली.

"इकडं ये. काहून टोपी घातली वं?"

"थंडी वाजते."

"चैतात?"

त्यांनी माझी टोपी काढली, मला पुढे बसवलं, गंजातला गाळलेला जवस चोपडला आणि त्यांची लाकडी फणी घेऊन जटा सोडवायला लागल्या. त्यांचा हात काही मऊ नाही. फणी अडायची, त्या ओढायच्या, आणि दर ओढीला फणीवर केस येत होते. ते मला मांडीवर पडलेले दिसत होते.

"नका करू," मी म्हटलं. "गळून राह्यले ते. मांगच्या वक्तासारखे."

फणी थांबली. आत्याबाईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, उन्हात धरून पाहिली.

"गळून राह्यले म्हंजे हायेत," त्या म्हणाल्या. "मांगं तं फनी लावाले जागा नव्हती. माये नाई का गळत रोज? मी का मरून राह्यली?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं आणि विंचरत राहिल्या. झाल्यावर फणीतले केस काढले, बोटाभोवती गुंडाळले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ती गुंडाळी टिनाच्या खाली भिंतीच्या सांदीत खोचली. जुन्या जागीच.

त्यानंतर मी रोज विंचरायला लागले. जेवढे निघायचे तेवढे निघत राहिले, आणि डोक्यावरचे कमी झाले नाहीत. मीही गुंडाळी करून सांदीत खोचायला लागले.

झाकण

केसवाली आली ती तपासणीच्या आधी, भर दुपारी. तपासणीचा रिपोर्ट पुढे चांगला आला, ते इथेच सांगून टाकते. पण त्या दुपारी ते कोणाला ठाऊक नव्हतं. मी ओसरीत मशीनवर होते. डोक्यावर टोपी नव्हती.

आत्याबाईंनी तिला हाक मारली आणि सांदीतून गुंडाळ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिने एक उलगडली, बोटाने ओढून पाहिली.

"हे तं लहान हाये, माय. वीतभर पाह्यजे. अन् कोरडे बी हाये. कोनाचे?"

"सुनेचे."

"मांगं तं चांगले लांब दिले व्हते तुमी. गंज नेला त्याच्यावर."

"त्याच डोक्शाचे हाये," आत्याबाई म्हणाल्या.

केसवालीने माझ्याकडे पाहिलं. माझे केस पाहिले, मग माझं तोंड पाहिलं. तिला समजलं असावं. ती गुंडाळी परत करत हळू आवाजात म्हणाली, "याच्यावर झाकन नाई येत, माय."

"आता कोन मांगून राह्यलं?" आत्याबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्साले ये. तवर वीतभर होतीन."

त्यांनी गुंडाळ्या उचलल्या आणि परत सांदीत खोचायला गेल्या. जसं काही कपाशीबद्दल बोलल्या.

माझे पाय मशीनच्या पायट्यावर तसेच राहिले. पुढच्या वर्साले. दोन वर्षांत माझ्यासमोर, माझ्याबद्दल, हा शब्द कोणी पहिल्यांदा उच्चारला होता. तोही सवयीने नव्हे. सौदा ठरवून, केसांच्या लांबीसकट.

मग मी उठले. गळ्यात टेप होताच. चुलीजवळ जाऊन गंजाच्या तोंडाचं माप घेतलं, काठापासून काठापर्यंत. अस्तराची एक पट्टी बरोबर तेवढी कापली आणि केसवालीच्या हातात दिली.

"हे कायले?" तिने विचारलं.

"झाकनाचं माप हाये. ढिल्लं आनू नको, उकळी आली का घसरते."

तिने पट्टी ताणून पाहिली आणि गाठोड्याच्या गाठीला बांधली. "आनीन," ती म्हणाली. "पन वीतभर पाह्यजे."

"होतीन," मी म्हटलं.

ती गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत तिचा आवाज येत होता. आत्याबाई म्हणाल्या, "चांगलं अस्तर वाया घातलं." मी परत मशीनवर बसले.

गंजावर सध्या ताटच झाकते आहे.